दवंडी, ग्रुप आणि ग्रामसभा

इंटरनेट म्हटलं की आपल्या होस्टेलवर पहिला विषय निघतो स्पीडचा. दुसरा, कोणाच्या रूममध्ये सिग्नल चांगला येतो याचा. तिसरा विषय सहसा निघतच नाही, कारण तोवर मेसची घंटा होते. मला या लेखात तो तिसरा विषय काढायचा आहे. आपण ज्या गावांतून इथे शिकायला आलो, त्या गावांच्या रोजच्या कारभारात हे इंटरनेट नेमकं काय काम करतं? 'माहिती तंत्रज्ञानामुळे जग हे एक खेडे बनले आहे' हे वाक्य आपण सगळ्यांनी दहावीच्या निबंधात कधी ना कधी लिहिलेलं आहे. जगाचं खेडं झालं की नाही ते सर लोक सांगतील, पण आमच्या खेड्याचं काय झालं ते मी सांगू शकते.

मी बार्शीटाकळीची. (सोलापूरची बार्शी वेगळी. हे फर्स्ट इयरला मी निदान चाळीस वेळा सांगितलं असेल.) अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवर, अकोला-वाशिम रेल्वेमार्गावरचं हे तालुक्याचं गाव. अकोला शहर ज्या काटेपूर्णा प्रकल्पाचं पाणी पितं ते महानचं धरण आमच्याच तालुक्यात आहे, हे अकोल्याच्या मैत्रिणींना मी अधूनमधून ऐकवत असते. गावात कालंका देवीचं हेमाडपंती मंदिर आहे आणि तिथे शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचा शिलालेख आहे. माझा भाऊ त्याला गावातली सर्वांत जुनी पोस्ट म्हणतो. साडेआठशे वर्षं होत आली, अजून कोणाला डिलीट करता आली नाही!

घर बार्शीटाकळीत असलं तरी आमची शेती तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. तिथे आजी, काका आणि काकू राहतात. माझं शिक्षण मात्र कॉन्व्हेंटमध्ये झालं. वऱ्हाडात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग तिथे सिस्टर असोत की नसोत, आमच्याकडे होत्या. त्यामुळे फोटोसिंथेसिस मला सहावीतच समजलं, पण 'पोटखराब' हा शब्द समजायला विसावं वर्ष उजाडावं लागलं, आणि तोही शेतात नाही तर मोबाईलच्या स्क्रीनवर. ती हकिकत पुढे येईलच.

आधी दवंडी. आजी सांगते, तिच्या काळी कोतवाल डफडं वाजवत गल्लोगल्ली फिरायचा आणि 'ऐका हो ऐका' करून साहेब कधी येणार, लस कधी टोचणार, सारा कधी भरायचा ते सांगायचा. दवंडीची एक गोष्ट मला फार चांगली वाटते. ती सगळ्यांच्या कानावर पडायची. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या, गोठ्यातल्या गड्याच्या, अक्षरओळख नसलेल्याच्या सुद्धा. एकच अडचण, त्या वेळी तुम्ही वावरात असलात तर दवंडी हुकली. परत ऐकायची सोय नाही.

आता दवंडी हुकली तर काय बिघडतं, हे कळायला ग्रामसभेचा नियम माहीत हवा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि नेहमीच्या सभेची नोटीस सात दिवस आधी निघावी लागते. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो, त्यासाठी वेगळी निवडणूक नाही. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला कोरमची अट नसते! आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे शेवटचं वाक्य छापलेलं नव्हतं. पण गावात ते पाठ असणारी माणसं असतात. पहिल्या सभेची खबर लोकांपर्यंत नीट गेलीच नाही, तर दुसऱ्या सभेत दहाबारा जण बसून गावाचा वर्षभराचा आराखडा मंजूर करू शकतात. म्हणून नोटीस किती लोकांनी पाहिली हा साधा प्रश्न नाही.

या नोटिशीची जागा हळूहळू व्हॉट्सअॅप ग्रुपने घेतली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, आणि बघता बघता प्रत्येक गावाचा एक ग्रुप झाला. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जणच मावायचे. २०२२ मध्ये ती मर्यादा आधी ५१२ आणि नंतर १,०२४ झाली. आमच्या गावचा ग्रुप या तिन्ही अवस्थांतून गेलेला आहे. २५६ च्या काळात ग्रुपमध्ये जागा मिळवणं म्हणजे एसटीत जागा धरण्यासारखं होतं. रुमाल टाकायची तेवढी सोय नव्हती.

ग्रुपवर काय चालतं? सकाळी सहाला गुलाबाचं फूल आणि सुविचार. मग एखादं 'दुःखद निधन' आणि अंत्यविधीची वेळ. त्याच्या खाली कोणीतरी हमखास वाढदिवसाचा केक टाकतो. मग 'वावरातली लाइन आज रात्री दहाची हाय', 'कोनाची गोरी कालवड मारोतीच्या देवळापाशी फिरून राह्यली', 'एसटी आली नाही, पोरं फाट्यावर उभे हायेत', 'नळ आज सुटनार नाही, व्हॉल्व्ह खराब'. हसू येतं खरं, पण विचार करा. रात्री दहाची लाइन म्हणजे रात्रभर ओलीत करायला वावरात जायचं की नाही याचा निर्णय. एसटी नाही म्हणजे फाट्यावर उभ्या मुलींना आणायला कोणीतरी मोटरसायकल काढायची. असं काम दवंडीने कधी होत नव्हतं, कारण दवंडी वरून खाली यायची. ग्रुपवर कोणीही कोणालाही सांगू शकतो.

आमच्या तालुक्यात पिंजर नावाचं गाव आहे. तिथलं संत गाडगेबाबा आपत्कालीन पथक नदी-धरणात कोणी बुडालं तर शोधायला धावून जातं. अशा कामात निरोप किती लवकर पोहोचतो यावर सगळं असतं. हे काही कंपनीचं अॅप नाही की सरकारी पोर्टल नाही. पोहता येणारी, दोर-गळ बाळगणारी माणसं आणि त्यांच्या खिशातला फोन.

आता त्या 'पोटखराब'ची गोष्ट. मला वाटतं, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा इंटरनेटशी सगळ्यात गंभीर संबंध इथेच येतो.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र. सातमध्ये जमीन कोणाची ते असतं आणि बारामध्ये त्या वर्षी काय पेरलं ते. हा बारा नंबरचा रकाना पूर्वी तलाठी भरायचा. (या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच चालतं.) एका तलाठ्याकडे दोन-तीन गावं, हजारो गट. तो प्रत्येक बांधावर जाणं शक्यच नव्हतं. म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. महसूल आणि कृषी विभागाने टाटा ट्रस्टच्या मदतीने हे अॅप आणलं. शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहायचं, गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं आणि पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात, त्यामुळे घरी ओट्यावर बसून सोयाबीन पेरता येत नाही.

इथे आपल्या ब्रँचचं थोडं ज्ञान उपयोगी पडलं. काकांचा समज असा होता की वावरात रेंज नाही म्हणजे लोकेशन येणारच नाही. पण जीपीएसचा सिग्नल उपग्रहांकडून येतो, टॉवरकडून नाही. फोनला किमान चार उपग्रह दिसले की त्याला आपली जागा काढता येते. टॉवर असला तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती नेटवरून पटकन मिळते आणि काम लवकर होतं, नसला तर दोन-तीन मिनिटं उघड्यावर थांबावं लागतं. म्हणून निंबाच्या झाडाखालून निघून मोकळ्यात उभं राहायचं, माहिती फोनमध्ये साठवायची आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची. काकांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे नेट वावरात येत नाही तं वावरच नेटवर न्या लागते!" याहून सोपी व्याख्या मला आमच्या नोट्समध्ये सापडलेली नाही.

जमीन आजीच्या नावावर आहे. म्हणून खातेदार म्हणून तिचं नाव निवडायचं आणि सांकेतांक टाकायचा. पुढचा रकाना आला पोटखराब. मला वाटलं काही रोग असेल. आजी हसली. "अवं, नाला गेला, बांध गेला, जिथं पेरताच येत नाही ते पोटखराब." वावराच्या पोटातली खराब जमीन! मग जिरायत, बागायत, मिश्र पीक, असे एकेक शब्द पुढे आले. सोयाबीनमध्ये तूर आहे, तर मुख्य पीक कोणतं आणि किती ओळींना किती ओळी? हे गणित आजीने बोटांवर केलं आणि मी स्क्रीनवर. शेवटी फोटो काढताना ती विचारते, "पोरी, माहा फोटो नाही घेत का वं? वावर तं माह्या नावानं हाय!"

यात गंमत आहे तशी भीतीही आहे. खरीप २०२३ मध्ये कापूस आणि सोयाबीनचे भाव पडले. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, मदत जाहीर केली. यादी कशावरून बनली? ई-पीक पाहणीच्या नोंदीवरून. ज्यांनी कापूस पेरला, वेचला, विकला, पण फोटो काढला नाही, त्यांचं नाव यादीत नाही. बरीच ओरड झाल्यावर ही अट शिथिल झाली आणि सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांचाही विचार झाला. पीक विम्याचंही तसंच होतं. गारपीट किंवा पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, अॅपवर किंवा टोल फ्री नंबरवर. ७२ तासांत वावरातलं पाणीसुद्धा ओसरत नाही कधी कधी!

म्हणून आता खरिपात, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, गावात एक नवीनच काम निघालं आहे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, ज्यांना दिसत नाही, ज्यांची मुलं पुण्याला आहेत, अशांची पीक पाहणी करून देणं. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. अॅपमध्ये गावातल्या खातेदारांची यादीही दिसते, कोणाची पाहणी झाली आणि कोणाची राहिली ते समजतं. गावातली सहा-सात पोरं ती यादी ग्रुपवर टाकतात आणि उरलेल्यांची नावं घेऊन मोटरसायकलवर निघतात. काका आता त्यांचे हेडमास्तर झाले आहेत. "मोकळ्यात उभे राहा, निंबाखाली नाही," हे माझं वाक्य ते स्वतःचं म्हणून सांगतात. सांगू देत. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या नोंदी सहायक करतात, पण आपल्या वावराची माहिती दुसऱ्याने भरण्यात जो धोका आहे तो सगळ्यांना चांगला कळतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं पेपरात का येत नाही? पेपरात 'डिजिटल गाव' येतं. आपल्याच वऱ्हाडातलं उदाहरण घ्या. मेळघाटातलं हरिसाल, तालुका धारणी, जिल्हा अमरावती. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि राज्य सरकारने हे देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. टेलिमेडिसीन, ई-लर्निंग, वायफाय. व्हाइट स्पेस तंत्रज्ञानाचं नाव तेव्हा फार गाजलं. टीव्ही चॅनेलसाठी राखलेल्या पण वापरात नसलेल्या फ्रिक्वेन्सीवरून इंटरनेट पाठवायचं, कारण या लहरी झाडी-डोंगरातून बऱ्यापैकी पार जातात. कल्पना म्हणून मला ती आजही आवडते, मेळघाटासारख्या ठिकाणी तर फारच. पण २०१९ च्या लोकसभा प्रचारात हरिसालचं इंटरनेट खरंच चालतं का, जाहिरातीतलं गाव आणि खरं गाव एक आहे का, हा जाहीर सभांमधला विषय झाला. गावाला इंटरनेट दिलं जातं तेव्हा फोटो निघतो. ते बंद पडतं तेव्हा फोटो काढायला कोणी येत नाही.

याच्याही आधीचा प्रयोग कोल्हापूरकडचा. वारणानगरच्या साखर कारखान्याभोवतीच्या सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प आला. म्हणजे आपल्यातले बहुतेक जण जन्मायच्या आधी! गावोगावी संगणक ठेवले. कल्पना मोठी होती, की शेतकरी बाजारभाव पाहील, पिकांची माहिती वाचेल, मुलं शिकतील. प्रत्यक्षात लोकांनी त्याचा उपयोग मुख्यतः एकाच गोष्टीसाठी केला. माझा ऊस किती टन भरला, तोड कधी आहे, पैसे किती जमा झाले? काही वर्षांनी, २००६-०७ च्या सुमारास, संशोधकांनी तेच काम संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून दाखवलं, आणि लोकांना ते जास्त सोयीचं वाटलं. याला कोणी अपयश म्हणतं. मला तसं वाटत नाही. वजनकाट्यावर किती भरलं हे स्वतः पाहता येणं ऊसवाल्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे ते ज्याने काट्यावर रांग लावली त्याला विचारा. लोकांनी तंत्रज्ञानातून आपल्याला हवं तेवढं उचललं आणि बाकीचं ठेवून दिलं.

उलट पाण्याच्या बाबतीत फोनने वेगळं काम केलं. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांपासून सुरू झाली, त्यातला एक आपला वरूड. पुढे आमचा बार्शीटाकळी तालुकाही त्यात आला. गावातली काही माणसं प्रशिक्षण घेऊन यायची, मग सलग समतल चर कसे खोदायचे, हायड्रोमार्करने समपातळी कशी काढायची याच्या फिल्म फोनवर सगळ्यांना दाखवायची. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण डम्पी लेव्हलने जे करतो तेच, फक्त एका पारदर्शक नळीतल्या पाण्याने. पण खोदायचं काम शेवटी पावड्याने आणि टिकासानेच झालं. नेटवरून माती उचलली जात नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते. मित्रांनो, तुमच्या ग्रामपंचायतीने कशावर किती पैसे खर्च केले ते तुम्ही इथे होस्टेलवर बसून पाहू शकता, हे तुम्हाला माहीत आहे का? २४ एप्रिल २०२० ला, पंचायत राज दिनी, केंद्र सरकारने ई-ग्रामस्वराज पोर्टल सुरू केलं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा. वर्षाचा आराखडा दिसतो, आलेला निधी दिसतो आणि कोणत्या कामावर किती रक्कम टाकली तेही दिसतं. ही पानं पाहायला लॉगिन लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी जो निधी दिला त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. आपल्या राज्यात या निधीचा ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला, उरलेल्यात पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. एवढं माहीत असलं की पोर्टलवरचे आकडे वाचता येतात.

आमच्या नात्यातला एक दादा डिप्लोमाला आहे. त्याने हे आपल्या गावाचं पाहिलं. (गाव तालुक्यातलंच, नाव सांगत नाही.) त्यात एलईडी पथदिव्यांचं बिल दिसलं. गल्लीत तर दिवे नाहीत! पठ्ठ्याने स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली एकच शब्द लिहिला : 'दिवे???' पुढच्या दोन तासांत ग्रुपवर जे झालं ते छापण्यासारखं नाही. कोणी चोर म्हटलं, कोणी जात काढली, कोणी मागच्या निवडणुकीचा हिशेब काढला. संध्याकाळी अॅडमिनने दादालाच ग्रुपमधून काढलं.

गोष्ट इथेच संपते बहुतेक ठिकाणी. पण दादाने पोर्टलच्या त्या पानाची प्रिंट काढली, गावी जाऊन एक साधा अर्ज लिहिला आणि ग्रामसेवकांकडे पोच घेऊन दिला. विषय फक्त एवढा, की हे दिवे किती घेतले, कुठे लावले, बाकी कुठे आहेत. मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो उभा राहिला. तिथे कळलं की दिवे आलेले होते. पंचायतीच्या खोलीत खोक्यांत पडून होते, कारण खांबांवर लावायची परवानगी अडकली होती आणि तिचा पाठपुरावा कोणी केला नव्हता. म्हणजे ज्यांनी ग्रुपवर चोर म्हटलं तेही चुकले, आणि ज्यांनी 'पोट्ट्या, तुले काय समजते' म्हणून झटकलं तेही. पोर्टल सांगतं की पैसे गेले. दिवे खोलीत आहेत हे पोर्टल सांगत नाही. त्यासाठी सभेतच विचारावं लागतं, आणि विचारलेलं इतिवृत्तात लिहून घ्यावं लागतं. दिवाळीपर्यंत अर्ध्या खांबांवर दिवे लागले. उरलेल्या खांबांचं अजून चालू आहे. दादाला ग्रुपमध्ये परत घेतलं, पण आता तो फक्त गुलाबाची फुलं पाहतो म्हणे.

अर्जाला उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी २००५ चा माहिती अधिकार कायदा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मेसमधल्या एका एक्स्ट्रा डिशपेक्षा स्वस्त.

आता ग्रुपची काळी बाजू, कारण ती सांगितली नाही तर हा लेख जाहिरातीसारखा होईल. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा मेसेज त्या भागात फिरत होता. बाजाराच्या दिवशी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही निरपराध होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाच जणांनाच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली आणि 'फॉरवर्डेड' असा शिक्का मेसेजवर दिसू लागला. मला आकडा वाचून कसंतरी झालं होतं. पाच माणसं, पाच फॉरवर्ड.

आपल्या भागातही हे फार लांब नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली, तेव्हा दोन्ही ठिकाणी इंटरनेट बंद करावं लागलं. अकोल्यात निमित्त होतं सोशल मीडियावरच्या पोस्टचं, आणि एकाचा जीव गेला. आत्या अकोल्याला राहते. त्या रात्री आम्ही तिला साधा फोन केला. फोन लागेपर्यंत घरात कोणी बोललं नाही. बार्शीटाकळीत हिंदू-मुसलमान दोन्ही वस्ती जवळजवळ आहे. बाबांचे दुकानातले भागीदार मुसलमान आहेत. त्या आठवड्यात दोघांनी मिळून एक केलं. आपापल्या ग्रुपवर काही आलं की पुढे पाठवायच्या आधी एकमेकांना फोन करायचा. एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनमुळे मधला कोणी मेसेज वाचून अडवू शकत नाही, कंपनीसुद्धा नाही. म्हणजे अडवायचाच तर दोन्ही टोकांवरच्या माणसांनी. अॅडमिनच्या डोक्यावर सगळं टाकून चालत नाही. सभासदाने टाकलेल्या पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलेलं आहे. त्याच्या हातात काढणं आणि घेणं एवढंच आहे, आणि ते तो कसं वापरतो ते दादाच्या गोष्टीत आलंच.

राहिला एक मुद्दा, आणि मुलींच्या होस्टेलमध्ये मी हा बोलले तेव्हा सगळ्या जणींनी आपापल्या गावची उदाहरणं दिली. गावच्या ग्रुपमध्ये बायका किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण ३८ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांमध्ये हाच आकडा ६० टक्क्यांच्या वर. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पण आमच्या गावच्या ग्रुपवर वहिनी, म्हणजे निवडून आलेल्या सदस्य, नाहीतच. त्यांच्या नावाने जो नंबर सेव्ह आहे तो भाऊंचा. 'सदस्य ताई' असं नाव आणि डीपीवर मिशा!

कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती कधी होते हे काकूला कधीच कळायचं नाही, कारण नोटीस ग्रुपवर आणि ग्रुप काकांच्या फोनमध्ये. मग तिने बचत गटाच्या बायकांचा वेगळा ग्रुप केला. त्यात ज्यांना वाचता येत नाही त्याही आहेत, म्हणून काकू लिहितच नाही. व्हॉइस मेसेज टाकते, तोही खणखणीत आवाजात. आजी म्हणते, कोतवालीनच झाली हे. फरक इतकाच की वावरात असलं तरी हुकत नाही, संध्याकाळी येऊन ऐकता येतं.

मागच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी जी महिला सभा झाली तिला बावीस जणी आल्या. विषय एकच होता, वरच्या वस्तीतला हातपंप. ठराव लिहिला, सह्या-अंगठे झाले. काकूने काकांचा फोन मागून घेतला आणि नोंदवहीच्या पानाचा फोटो गावच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. त्याखाली पहिला मेसेज आला तो सदस्य ताईंच्या नंबरवरून, भाऊंचा : 'सभा कवा होती?'